हद्द कायम

नाना अमेरिकेत आले त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात उकिडवे बसलेले दिसले. मला वाटलं, चक्कर आली की काय. पळत गेले तर हातात माझी भाजी चिरायची सुरी, आणि कुंपणाच्या कोपऱ्यातलं गवत ते सुरीच्या टोकानं उकरत होते. "सापडला," म्हणाले. मातीतून बोटभर वर आलेली लोखंडी सळई, तिच्या डोक्यावर पिवळी प्लास्टिकची टोपी. सात वर्षं झाली या घरात, महिन्याच्या महिन्याला हप्ता जातोय, आणि आपली जागा नेमकी कुठं संपते हे मला त्या दिवशी कळलं. "शेजाऱ्याचं कुंपण नऊ इंच आत आलंय तुमच्या," हे वर. तुमच्या मुलाला एवढं सांगू नका, अशी मी त्यांना गळ घातली.

नाना म्हणजे माझे सासरे. भूमी अभिलेख खात्यात ३४ वर्षं भूकरमापक होते, सगळी नोकरी सातारा-सांगलीकडे. लोक मोजणीदार म्हणतात. समोर 'साहेब' म्हणतात आणि पाठीमागं काय म्हणतात तेही आपल्याला ठाऊक आहे, असं ते स्वतःच सांगतात. रस्त्यानं चालताना बाकीची माणसं झाडं, घरं, गाड्या बघतात, नाना बांध बघतात.

आम्ही राहतो डेलावेअरमधल्या न्यूआर्कला. (न्यूजर्सीतलं ते वेगळं. इथली माणसं 'न्यू' आणि 'आर्क' असं तोडून म्हणतात आणि न तोडणारा परका त्यांना लगेच कळतो.) घरापासून दोन-तीन मैलांवर एकीकडं मेरीलँड, दुसरीकडं पेनसिल्व्हेनिया. मॉल आणि देऊळ बघून झाल्यावर नानांना काय दाखवावं हा प्रश्नच होता. नवऱ्याचं ऑफिसातलं काम ऐन अंगावर आलेलं. एका संध्याकाळी मी सहज बोलून गेले, की इथल्या राज्यांच्या हद्दीवर अडीचशे वर्षांपूर्वीचे दगड आहेत, अजून जागेवर.

नानांनी फोन खाली ठेवला.

"कुणी रोवले?"

"दोन इंग्रजांनी. मेसन आणि डिक्सन."

"साखळीनं मोजून?"

"साखळीनं."

"मग जाऊया की."

सासरे आणि सून, दोन दिवस एका गाडीत. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण आमच्या दोघांतलं संभाषण 'चहा ठेवू का' आणि 'तिकडं आता किती वाजले असतील' याच्या पलीकडं फारसं गेलेलं नव्हतं. एप्रिलचा पहिला आठवडा होता. झाडांना पानं फुटायच्या आत जाणं बरं, कारण एकदा रान वाढलं की दगड दिसत नाहीत आणि पॉयझन आयव्ही मात्र हमखास दिसते, तीही अंगावर पुरळ उठल्यावर. नानांनी माकडटोपी घातली, थर्मासमध्ये चहा घेतला आणि स्वतःचा पंधरा मीटरचा टेप घेतला. तो टेप साताऱ्याहून सामानात आला होता. कशाला, ते मी विचारलं नाही.

भांडण काय होतं ते मी त्यांना गाडीत सांगितलं. इंग्लंडच्या राजानं १६३२ मध्ये कॅलव्हर्ट घराण्याला, म्हणजे लॉर्ड बाल्टिमोरला, मेरीलँड दिलं, वर ४० व्या अक्षांशापर्यंत. पुढं १६८१ मध्ये दुसऱ्या राजानं विल्यम पेनला पेनसिल्व्हेनिया दिलं. दोन्ही सनदा वाड्यात बसून लिहिलेल्या, आणि हाताशी असलेले नकाशे चुकीचे. प्रत्यक्षात ४० वा अक्षांश निघाला फिलाडेल्फिया शहराच्या उत्तर भागातून. म्हणजे कॅलव्हर्टांचा कागद खरा धरला तर पेननं वसवलेली राजधानी बरीचशी मेरीलँडात जाते.

"आपल्याकडं याला दुबार नोंद म्हणतात," नाना म्हणाले.

त्यानंतर ऐंशी वर्षं दोन घराणी भांडली. सुस्क्वेहाना नदीकाठी तर १७३० च्या दशकात चक्क हाणामारी झाली. मेरीलँडचा थॉमस क्रेसॅप नावाचा एक आडदांड माणूस पेनच्या रयतेला हुसकून लावायचा. शेवटी १७३६ मध्ये त्याला पकडून फिलाडेल्फियात आणलं, तेव्हा शहराकडं बघून 'मेरीलँडातलं हे एक फार देखणं गाव आहे' असं तो म्हणाला, अशी गोष्ट सांगतात. नाना एवढे हसले की माकडटोपी काढावी लागली. बांधावरून कोर्टात गेलेला प्रत्येक माणूस त्यांना त्या क्रेसॅपमध्ये दिसला असणार. दावा लंडनच्या चॅन्सरी कोर्टात गेला, निकाल लागला १७५० मध्ये, आणि हद्द प्रत्यक्ष आखायला मेसन-डिक्सन फिलाडेल्फियात उतरले नोव्हेंबर १७६३ मध्ये. इथल्या मोजणीदारांना ते काम झेपेना, म्हणून खगोलशास्त्र जाणणारे दोघे मागवलेले. दोन वर्षं आधी शुक्राचं अधिक्रमण (म्हणजे शुक्र सूर्यासमोरून सरकतो ते) बघायला तेच दोघे आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला गेले होते.

पहिला थांबा एम्ब्रीव्हिलचा. एका शेताच्या कडेला रस्त्यालगत दगडी कठडा, त्याच्या आत गुडघ्याएवढाही नसलेला एक ओबडधोबड दगड. कोरीवकाम नाही, अक्षर नाही. इथली शेतकरी मंडळी तंबूत रात्रभर आकाश बघत बसणाऱ्या त्या दोघांना बघायची, म्हणून याचं नाव स्टारगेझर्स स्टोन. हद्द तर इथून पंधरा मैल दक्षिणेला आहे, मग दगड इथं का? ठरलं असं होतं, की फिलाडेल्फियाच्या दक्षिण टोकापासून बरोबर पंधरा मैल खाली हद्द धरायची. पण त्या टोकापासून सरळ दक्षिणेला गेलं तर डेलावेअर नदी ओलांडून न्यूजर्सीत जावं लागतं. म्हणून ते आधी त्याच अक्षांशावर ३१ मैल पश्चिमेला या हार्लन नावाच्या शेतकऱ्याच्या रानात आले, इथं ताऱ्यांवरून अक्षांश पक्का केला आणि मग पंधरा मैल खाली मोजत गेले.

"म्हणजे हा मूळ दगड," नाना म्हणाले. "बाकीचं सगळं याच्यावरून." त्यांनी कठड्यावरून हात आत घालून दगडाला हात लावला, तसाच हात कपाळाला लावला. मग काहीतरी वेगळंच विचारलं.

"लगतधारकांना नोटिसा काढल्या होत्या का?"

आपल्याकडं मोजणी असली की आजूबाजूच्या शेतांच्या मालकांना आधी नोटीस जाते. अमुक तारखेला हजर रहा, तुमची हरकत असेल तर सांगा. मी म्हणाले, पेन आणि कॅलव्हर्ट, दोन्हीकडचे कमिशनर होते की. नाना म्हणाले, "ते वादी-प्रतिवादी झाले. मी लगतच्यांचं विचारतोय."

उत्तर मला माहीत होतं, पण तेव्हा द्यावंसं वाटलं नाही.

तिथून खाली आलो ते व्हाइट क्ले क्रीकच्या रानात, तीन राज्यं मिळतात त्या दगडापाशी. गाडी लावून पायवाटेनं बरंच आत जावं लागतं. नानांचे गुडघे कुरकुरत होते, पण बोलले नाहीत. हा दगड मेसन-डिक्सनचा नाही. कर्नल ग्रॅहम नावाच्या लष्करी इंजिनिअरनं १८४९ मध्ये फेरमोजणी केली तेव्हाचा आहे. चौकोनी, आणि चार बाजूंना अक्षरं: दोन बाजूंना एम, दोन बाजूंना पी. नानांनी दोनदा फेरी मारली.

"तिसऱ्याचं अक्षर कुठंय?"

डेलावेअरचं अक्षर नाही. डेलावेअरची उत्तर हद्द हा एक वर्तुळाचा तुकडा आहे. न्यू कॅसलच्या जुन्या कोर्टाच्या घुमटावर कंपासची सुई ठेवायची आणि बारा मैल त्रिज्येनं फिरवायची. ते वर्तुळ, मेरीलँड-डेलावेअरमधली उभी रेषा आणि मेरीलँड-पेनसिल्व्हेनियामधली आडवी रेषा कागदावर जुळतात असं लंडनला वाटलं होतं. जमिनीवर ती जुळेनात आणि मधे एक पाचर उरली, जेमतेम एक चौरस मैलाची. १८४९ मध्ये ती पेनसिल्व्हेनियाची धरली होती, म्हणून दगडावर डी नाही. ती डेलावेअरची आहे हे कायम झालं १९२१ मध्ये. तोवर त्या पाचरीत कुणाचा पोलीस येणार हेच ठाऊक नसल्यानं तिथं काय काय चालायचं, याच्या गोष्टी आमच्या गावात अजून सांगतात.

"गावठाणात असे तुकडे निघतात," नाना म्हणाले. "दोन गटांच्या मधे. नकाशात कुणाचेच नसतात. तिथं पहिल्यांदा उकिरडा होतो, मग टपरी."

पुढं पश्चिमेला निघालो. सुस्क्वेहाना ओलांडली. डेल्टा आणि कार्डिफ ही जोडगावं लागली, पाटीच्या दगडाच्या खाणीत काम करायला वेल्समधून आलेल्या लोकांनी वसवलेली. रस्त्यावरची एक पाटी सोडली तर राज्य बदललं हे सांगणारं काहीच नाही. आणि त्यापुढं कुठंतरी, एका शेताच्या टोकाला, आम्हाला जे हवं होतं ते सापडलं. शेत खाजगी, म्हणून आधी घरी जाऊन विचारलं. म्हातारा शेतकरी पुढं आला आणि नानांच्या माकडटोपीकडं बघत म्हणाला, जा, पण फाटक ओढून घ्या.

रेषेवर दर मैलाला एक दगड: उत्तरेच्या बाजूला पी, दक्षिणेच्या बाजूला एम. आणि दर पाचव्या मैलाला मोठा दगड, त्यावर अक्षराऐवजी दोन्ही घराण्यांची चिन्हं. याला क्राउनस्टोन म्हणतात. आमच्यासमोर होता तो क्राउनस्टोन. चहूबाजूंनी लोखंडी गज ठोकलेले, कारण मधल्या काळात लोकांनी असे दगड उपटून घराच्या पायरीला नाहीतर रस्त्याच्या कडेला बसवले होते. १९०० ते १९०३ च्या पाहणीत त्यांतले काही हुडकून परत आणावे लागले. उत्तरेच्या अंगावर पेनची ढाल, मधल्या पट्ट्यावर तीन गोल चकत्या. दक्षिणेच्या अंगावर कॅलव्हर्टांचं चिन्ह, तेच आज मेरीलँडच्या झेंड्यावर आहे. एका बाजूला चारपाच वाटोळे खड्डे होते, बंदुकीच्या गोळ्यांचे असावेत.

नानांनी चष्मा कपाळावर चढवला आणि गजांतून नाक घालून दगड जवळून बघितला. मग मला बोलावलं. "हात लाव. हा इथला दगड नव्हे."

खरंच नव्हता. पांढुरका राखाडी, आणि जवळून बघितलं तर खसखस थापून केल्यासारखा, बारीक बारीक गोल दाण्यांचा. हे सगळे दगड इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंड बेटातले. लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल ज्या दगडाचं आहे तोच हा. तिथंच घडवले, चिन्हं कोरली, जहाजात घातले आणि इकडं उतरवून बैलगाड्यांतून रानात ओढत आणले. एकेक साधारण एकशे पस्तीस ते पावणेतीनशे किलोचा. दगडांनी भरलेल्या देशात दगड इंग्लंडहून. नाना म्हणाले, "काँट्रॅक्टर कुणाचा तरी मेव्हणा असणार." हे मी त्यांच्या तोंडून आलं तसं लिहिते आहे, पुरावा काही नाही.

मग साखळीची गोष्ट निघाली. मेसन-डिक्सनची साखळी गुंटरची, ६६ फुटांची, आणि ८० साखळ्यांचा एक मैल. नानांचा चेहरा उजळला. "आपली ३३ फुटांची, सोळा आण्यांची. म्हणजे त्यांची एक ती आपल्या बरोबर दोन!" आणि मग त्या शेताच्या कडेला उभं राहून त्यांनी मला गुंठा शिकवला. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तो गुंठा: १,०८९ चौरस फूट. असे ४० झाले की एकर. मी इंजिनिअर आहे, आणि १,०८९ हा आकडा ३३ चा वर्ग आहे हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. फ्लॅटच्या जाहिरातीत गुंठा वाचून सोडून दिलेला.

पण साखळीनं अंतर कळतं, दिशा कळत नाही. अक्षांश म्हणजे वाकडी रेषा. नजर सरळ लावून चालत गेलात तर तुम्ही हळूहळू तिच्यावरून सरकता. म्हणून हे दोघे साधारण बारा मैल सरळ जायचे, मग तंबू ठोकून रात्रीमागून रात्री तारे बघायचे, किती सरकलो ते काढायचे आणि मागच्या खुणा दुरुस्त करायचे. सहा फुटांची दुर्बीण होती त्यासाठी, जॉन बर्डनं बनवलेली. ती धक्के बसू नयेत म्हणून गादीवर निजवून न्यायची. मजूर पुढं कुऱ्हाडीनं आठ-नऊ यार्ड रुंदीची वाट जंगलातून पाडत जायचे. एवढं करूनही रेषा काही ठिकाणी काहीशे फूट चुकली आहे. चूक बरीचशी त्यांची नव्हेच. ओळंबा डोंगराच्या बाजूला किंचित ओढला जातो आणि 'सरळ खाली' म्हणजे कुठं हेच बदलतं. मेसन पुढं स्कॉटलंडमध्ये असा डोंगर हुडकायला गेला, ज्याची ओढ मोजून पृथ्वीचं वजन काढता येईल. आणि आपल्याकडच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात हिमालयानं तीच खोड काढली होती.

हे सांगत असताना नाना गजांना धरून दगडाच्या दक्षिणेकडून उत्तरेकडं गेले, परत दक्षिणेकडं आले. मला मात्र दुसरंच आठवत होतं. दोन जमीनदारांच्या बांधाला पुढं जो अर्थ चिकटला तो त्यांच्या स्वप्नातही नव्हता. पेनसिल्व्हेनियानं १७८० मध्ये गुलामगिरी हळूहळू संपवणारा कायदा केला. मेरीलँडात ती १८६४ पर्यंत टिकली. मधली ऐंशीएक वर्षं या दगडाच्या एका बाजूला माणूस विकता येत होता. दुसऱ्या बाजूलाही पळून आलेल्याला पकडून न्यायला मालक यायचेच. मेरीलँडातल्या गुलामगिरीतून पळालेली हॅरिएट टबमन १८४९ मध्ये पेनसिल्व्हेनियाची हद्द ओलांडून आली, तेव्हा तिनं आधी स्वतःचे हात बघितले, आपण तीच आहोत का म्हणून. फाटक ओढून घेताना मी हे नानांना सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ती दिशा कशावरून ओळखायची?" ध्रुवतारा, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली.

रात्री मुक्काम रस्त्याकडेच्या मोटेलात, दोन खोल्या. जेवायला मी घरून पोळ्या आणि मिरचीचा ठेचा नेला होता. ठेच्याच्या वासानं की कशानं, नाना आपणहून बोलायला लागले. गावाकडं त्यांचं आणि धाकट्या भावाचं शेत लागून आहे. भाऊ नांगरताना दरवर्षी थोडा बांध कोरतो. सव्वीस वर्षं कोरतोय. पूर्वी बैलजोडी जाईल एवढा बांध होता, आता माणूस तोल सांभाळत जातो. मला हे सगळं नवं होतं. सासरी हा विषय निघाला की उठून चहा टाकायचा, एवढंच मला ठाऊक.

"मग तुम्ही मोजणी का नाही लावली? तुमचंच खातं."

"हद्द कायमचा अर्ज करायचा म्हटलं की लगतधारकाला नोटीस जाते," नाना म्हणाले. "सख्ख्या भावाच्या दारात नोटीस घेऊन शिपाई पाठवू? माझ्या खात्याचा?"

पोळीचा तुकडा त्यांनी ठेच्याला लावला, पण खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी हॅन्कॉक. इथं मेरीलँडची कंबर आहे: खाली पोटोमॅक नदी, वर मेसन-डिक्सन रेषा, आणि मधे दोन मैलसुद्धा नाहीत. त्यापुढं साइडलिंग हिल. महामार्गासाठी तो डोंगर ३४० फूट खोल कापलाय आणि आतले थर वाटीसारखे वाकलेले दिसतात. नानांना ते आवडलं, पण ते वर, उत्तरेला बघत होते. रेषा तिथून वरच्या अंगाला जाते. याच डोंगराच्या आसपास इंग्लंडचे दगड संपतात. गाड्या पुढं चढेनात, मग मेसन-डिक्सननं कड्याकड्यांवर माती-दगडांचे ढीग रचत काम चालू ठेवलं.

"कुठवर?"

आता सांगणं भाग होतं. ते दोघे फिलाडेल्फियात उतरले त्याच्या दुसऱ्या महिन्यात पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात कॉनेस्टोगा या मूळ रहिवाशांच्या जमातीतल्या माणसांची कत्तल झाली. उरलेल्यांना संरक्षणासाठी तुरुंगात ठेवलं होतं, तिथं घुसून त्यांनाही मारलं, पोराबाळांसकट. १७६५ च्या जानेवारीत मेसन ती जागा बघायला मुद्दाम गेला होता. जमीन मुळात ज्यांची, त्यांना सनदेत जागा नव्हती आणि दाव्यातही नव्हती. पश्चिमेला डोंगरापलीकडं जायची वेळ आली तेव्हा मात्र इरोक्वॉय राष्ट्रांना, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या संघाला, विचारावं लागलं. पाचशे पौंड मोजले, तेव्हा त्यांनी परवानगी दिली आणि सोबत आपली माणसं दिली. ऑक्टोबर १७६७ मध्ये डंकार्ड क्रीक नावाच्या ओढ्यापाशी एक जुनी वाट आडवी आली, त्यांच्या लढाईची वाट. सोबतची माणसं म्हणाली, इथवरच. २३३ मैल झाले होते, थोडंच राहिलं होतं. मेसन आणि डिक्सन तिथून मागं फिरले.

नानांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला. पाचेक मिनिटं गेली असतील.

"कागद आहे का गं?"

मोटेलचं छोटं पॅड माझ्या पर्समध्ये आलं होतं. त्यांनी ते गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि कालच्या दगडाचं टिपण काढलं. हे मी पहिल्यांदाच बघत होते. हात थरथरतो त्यांचा एरवी, कपबशी वाजते. रेघ मात्र पट्टीशिवाय सरळ आली. फाटकापासून दगड किती, ओकच्या झाडापासून किती, शेतकऱ्याच्या पत्रपेटीपासून किती. टेपनं कधी मोजलं होतं कोण जाणे, मी फोटो काढत होते तेव्हा असेल. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. खाली सुवाच्य अक्षरात चतुःसीमा.

उत्तरेस: पेन. दक्षिणेस: कॅलव्हर्ट. पूर्वेस: फिलाडेल्फिया, त्यापुढे नदी.

पश्चिमेस लिहून हात थांबला. मग त्यांनी ३४ वर्षांच्या सवयीनं ओळ पुरी केली: लगतधारकांची हरकत. मोजणी तहकूब.

सही केली, तारीख घातली आणि पॅड माझ्याकडं सरकवलं. "पंच म्हणून कर सही. पूर्ण नाव घाल."